क्वेबेकची माती, नॉर्वेची माती : सुझान लाकास यांच्या कामाचा अभ्यास

बांधकामाआधी जमीन तपासणं हा माझा धंदा. बोअर मारून झाले, त्यातून निघालेल्या माती-खडकाच्या कांड्यांचे कोअर बॉक्स भरले, नमुने लॅबला गेले, की मालकाचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, एसबीसी किती धरायची?" जमीन दर चौरस मीटरला किती टन पेलेल, याचा एक आकडा त्याला हवा असतो. आर्किटेक्टला तोच हवा असतो, आरसीसी डिझायनरलाही तोच. माझ्यासमोर मात्र पाच बोअरचे पाच निरनिराळे आकडे असतात. एकात दीड मीटरवर कातळ लागलेला, शेजारच्याच बोअरमध्ये सहा मीटरपर्यंत काळी माती आणि मुरूम. त्यातून एक आकडा काढून मी अहवालावर सही करते. सही करताना आपण नेमकं काय सांगतोय आणि काय झाकतोय, हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळतोय. त्याच्या मागे जाता जाता मी भू-तंत्र अभियंता, म्हणजे बांधकामाखालच्या जमिनीच्या तज्ज्ञ, सुझान लाकास यांच्या कामापर्यंत पोचले.

लाकास जन्मानं कॅनडाच्या. १९४८ साली क्वेबेक प्रांतातल्या नोरांडा या खाणीच्या गावात जन्म. माँट्रियालच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये आणि अमेरिकेत एमआयटीत शिक्षण. १९७० चं दशक संपता संपता त्या ऑस्लोच्या नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एनजीआयमध्ये, काम करू लागल्या. पुढे १९९१ ते २०११ अशी वीस वर्षं त्या याच संस्थेच्या व्यवस्थापकीय संचालक होत्या. नॉर्वेची घरं, धरणं, रेल्वे, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म ज्या जमिनीवर उभे आहेत, त्या जमिनीबद्दलचा शेवटचा शब्द बऱ्याचदा याच संस्थेचा असतो. बाहेरून आलेल्या, मातृभाषा फ्रेंच असलेल्या एका बाईच्या हाती ही जबाबदारी कशी आली आणि तिनं तिचं काय केलं, हा या प्रकरणाचा विषय.

"जिद्द आणि मेहनत" हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं काहीच उलगडत नाही. जिद्दी माणसं प्रत्येक साइटवर असतात. मला जे दिसलं ते असं: लाकास यांनी येताना मऊ मातीची जाण आणली होती, आणि पुढे त्यांनी या धंद्याला आपलं अज्ञान मोजायची सवय लावली. दुसरी गोष्ट पहिलीतूनच आली.

दोन देश, एकच चिकणमाती

परदेशी गेलेल्या माणसाला सगळंच परकं असतं असं आपण धरून चालतो. लाकास यांच्या बाबतीत भाषा परकी होती, पायाखालची माती मात्र ओळखीची होती.

हिमयुग सरत आलं तेव्हा वितळणाऱ्या हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ समुद्रात आणून टाकलं. खाऱ्या पाण्यात त्या बारीक चपट्या कणांचे पुंजके झाले आणि ते पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून तळाशी बसले. वरचा बर्फाचा भार उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि समुद्राचा तळ शेतजमीन झाला. नंतर हजारो वर्षं पावसाचं आणि भूजलाचं गोडं पाणी त्या चिकणमातीतून झिरपत राहिलं आणि कणांना धरून ठेवणारं मीठ धुऊन गेलं. बंगला उभाच राहिला, पण आता तो केवळ कुणी हात लावला नाही म्हणून उभा होता. अशा मातीला क्विक क्ले म्हणतात. तिचा न हललेला ठोकळा हातात घेतला तर बऱ्यापैकी घट्ट लागतो. तोच भांड्यात घालून ढवळला की ताकासारखा ओतता येतो. त्यात चमचाभर मीठ घालून पुन्हा ढवळलं की तो परत घट्ट होतो. हा प्रयोग एकदा पाहिला की जन्मभर विसरत नाही.

ही माती नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आहे, तशीच क्वेबेकच्या नदीखोऱ्यांतही आहे. ४ मे १९७१ च्या रात्री क्वेबेकमधल्या सेंट-जाँ-व्हियानी गावाखालची जमीन पातळ होऊन वाहून गेली. घरंच्या घरं खड्ड्यात गेली आणि ३१ माणसं मेली. लाकास तेव्हा विशीच्या सुरुवातीला होत्या. सात वर्षांनी, २९ एप्रिल १९७८ ला, नॉर्वेतल्या रिसा इथे एका शेतकऱ्यानं गोठा वाढवताना निघालेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याच्या काठाला टाकली. आपल्याकडे कुठलाही डंपरवाला एका आठवड्यात ओतेल इतकीच ती माती. त्या भारानं काठ सुटला, मग त्याच्या मागचा तुकडा, मग त्याच्याही मागचा. बघता बघता ५० ते ६० लाख घनमीटर जमीन तळ्यात वाहत गेली. एका माणसाचा जीव गेला. ही घसरण होत असताना कुणीतरी कॅमेऱ्यात टिपली. शेतांसकट घरं सपाट जमिनीवरून तरंगत जाताना त्यात दिसतात.

लाकास यांचं सुरुवातीचं एक काम अशाच मऊ थरांवरचं आहे. न्यू लिस्कर्ड हे ओंटारिओतलं गाव. तिथली माती समुद्राची नाही, हिमयुगातल्या तळ्याची आहे. उन्हाळ्यात बसलेला गाळाचा फिकट थर, त्यावर हिवाळ्यात बसलेला चिकणमातीचा काळा थर, असं वर्षामागून वर्ष. अशा जमिनीवर मातीचा भराव टाकला तर ती कशी दबते, कुठे बाजूला सरकते, यावर त्यांनी एमआयटीच्या चार्ल्स लॅड यांच्यासोबत १९७७ मध्ये शोधनिबंध लिहिला. भरावाखाली खरोखर काय झालं आणि आपण गणितानं काय सांगितलं होतं, हे शेजारी शेजारी ठेवून तपासणं हे त्या घराण्याचं वळण. लाकास यांच्या पुढच्या सगळ्या कामात ते दिसत राहतं.

मातीचा नमुना न दुखवता

इथे मी जरा रेंगाळणार आहे. हा भाग बाहेरून किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

जमिनीखालची माती तपासायची तर ती वर आणावी लागते, आणि वर आणताना ती दुखावते. नळी दाबून घुसवली की कडेचे कण सरकतात. वर आल्यावर तिच्यावरचा दाब सुटतो आणि ती फुगते. गाडीत हादरे बसतात. लॅबमध्ये आपण तपासतो ती माती जमिनीखालच्या मातीची जखमी बहीण असते. कडक मुरमाला याचा फारसा फरक पडत नाही. पत्त्यांच्या बंगल्यासारख्या मातीला पडतो. तिची ताकद कमी दिसते, दबण्याचं वागणं बदलतं, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर पुढचं सगळं गणित उभं राहतं.

क्वेबेकमधल्या शेरब्रूक विद्यापीठात यावर एक अवजार तयार झालं होतं. नळी घुसवायची नाही. बोअरच्या तळाशी मातीभोवती गोल चर कापत खाली जायचं, शेवटी खालून पाती सरकवून ठोकळा मोकळा करायचा आणि अलगद वर उचलायचा. हाती येतो तो सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचा, ३५ सेंटिमीटर उंचीचा अख्खा ठोकळा. नारळाच्या करवंटीतून खोबऱ्याचा अख्खा गोटा काढावा तसं हे काम.

हे अवजार नॉर्वेच्या चिकणमातीत उतरवून पाहिलं गेलं. १९८५ मध्ये लाकास यांनी एनजीआयच्या तोराल्फ बेरे आणि शेरब्रूकच्या गी लफेव्र यांच्यासोबत त्यावर शोधनिबंध लिहिला. नेहमीच्या, दाबून घुसवायच्या पिस्टन नळीचे नमुने आणि हे ठोकळे शेजारी ठेवले, की ठोकळ्यांतून मऊ मातीचं खरं वागणं जास्त स्पष्ट दिसतं. आज नॉर्वेत मऊ मातीवर नाजूक काम असलं की ठोकळा नमुन्याचा विचार होतो.

परदेशी गेलेला अभियंता काय देतो, याचं मला भावलेलं उदाहरण हे आहे. तिनं घरची एक गोष्ट आणली आणि ती नव्या घरात कामी आली. दोन्हीकडची माती एकाच हिमयुगाची लेक आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ते सुचलं नसतं.

याच वर्षांत लाकास एनजीआयच्या टॉम लुन्ने यांच्याबरोबर जमिनीत थेट उपकरण खुपसून मोजणी करण्याच्या पद्धती तपासत होत्या. ऑनसॉय आणि द्रामेन इथल्या समुद्री चिकणमातीत एकाच जागी वेगवेगळी उपकरणं वापरायची, प्रत्येकाचा आकडा घ्यायचा आणि ते का जुळत नाहीत हे शोधायचं. एकाच मातीची ताकद सहा पद्धतींनी मोजली तर सहा उत्तरं येतात, हे माती-तपासणीतला प्रत्येक माणूस जाणतो. बहुतेक जण त्यातलं एक निवडून पुढे जातात. लाकास यांनी ते विखुरलेपणच अभ्यासाला घेतलं.

खुर्ची

६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियालच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये, लाकास जिथे अभियांत्रिकी शिकल्या त्याच संस्थेत, एका बंदूकधाऱ्यानं मुलींना मुलांपासून वेगळं काढून गोळ्या घातल्या. १४ जणी गेल्या, त्यातल्या बहुतेक अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी. त्या अभियंता होऊ पाहत होत्या एवढाच त्यांचा गुन्हा. कॅनडात आजही तो दिवस पाळला जातो. यानंतर दोन वर्षांच्या आत त्याच संस्थेची एक माजी विद्यार्थिनी ऑस्लोत एनजीआयची प्रमुख झाली. या दोन घटनांना जोडणारा धागा मी ओढूनताणून काढत नाही. पण त्या पिढीतल्या महिला अभियंत्यांबद्दल लिहिताना हा दिवस वगळून पुढे जाणं मला जमत नाही.

नॉर्वेतली हवा वेगळी होती. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या १९८६ च्या मंत्रिमंडळात १८ पैकी ८ महिला होत्या, आणि लाकास संचालक झाल्या तेव्हाही ब्रुंटलँडच पंतप्रधान होत्या. बाईनं मोठं पद सांभाळणं तिथे अनोखं राहिलं नव्हतं. मात्र राजकारण वेगळं, बोअर मारायची ड्रिलिंग रिग वेगळी. माझ्या उमेदीच्या दिवसांत साइटवर रिगवाला मलाच विचारायचा, "साहेब कधी येणार?" मी सांगायचे, साहेब मीच. तो हसायचा आणि तरीही रस्त्याकडे बघत राहायचा. हे माझ्या एकटीचं नाही. या धंद्यात आलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

बाहेरून येण्याबद्दल मात्र एनजीआयचा इतिहास उघड्या मनाचा आहे. १९५३ साली संस्था सुरू झाली तेव्हाचे पहिले संचालक लौरिट्स ब्येरुम डेन्मार्कचे होते. त्यांच्यानंतर कोरे ह्योग आणि तिसऱ्या लाकास. तीन प्रमुखांपैकी दोघं परदेशात जन्मलेले. मृदा यांत्रिकी, म्हणजे भाराखाली माती कशी वागते याचं शास्त्र, हीच या अर्थानं स्थलांतरितांची विद्या आहे. कार्ल टेर्झागी प्रागमध्ये जन्मले, त्यांनी या शास्त्राचा पाया इस्तंबूलमध्ये शिकवता शिकवता रचला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज एनजीआयमध्येच जपलेला आहे. ज्या देशाच्या पायाखालची जमीन घातकी आहे, तो तिच्याबद्दल ज्याला कळतं त्याला दार उघडून देतो, असं मला वाटतं.

एनजीआय १९८५ पासून स्वतंत्र प्रतिष्ठान होती, म्हणजे तिला प्रकल्पांची कामं घेऊन स्वतःचा खर्च भागवावा लागे. संशोधन आणि पोटापाण्याची कामं यांची सांगड घालणं हे प्रमुखाचं रोजचं काम. २००१ मध्ये लाकास यांनी अमेरिकेत टेर्झागी व्याख्यान दिलं. समुद्रातल्या बांधकामांत संशोधन आणि प्रत्यक्ष काम एकमेकांना कसं पोसतं, हाच त्याचा विषय होता.

त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचं एक काम सांगते. उत्तर समुद्रात प्लॅटफॉर्म उभारायचा तर तळात पायल, म्हणजे लांब पोलादी खांब, ठोकायचे, ही नेहमीची रीत. १९९४ मध्ये ड्राउपनर इथे वेगळं करून पाहिलं गेलं. प्लॅटफॉर्मच्या पायांना १२ मीटर व्यासाच्या उपड्या पोलादी बादल्या लावल्या, त्या वाळूवर टेकवल्या आणि आतलं पाणी पंपानं उपसलं. आत दाब कमी झाला की बाहेरचं पाणीच बादलीला वाळूत दाबतं. या पायामागच्या भू-तांत्रिक कामात एनजीआय होती. पाया नवा म्हणून प्लॅटफॉर्मवर भरपूर मोजमाप यंत्रं बसवली होती. त्यामुळे १ जानेवारी १९९५ ला तिथे आदळलेली २५.६ मीटर उंचीची लाट नोंदली गेली. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ज्या राक्षसी लाटांच्या गोष्टी सांगत आणि शास्त्रज्ञ ज्या थापा समजत, त्यांची ती नावाजलेली पहिली मोजणी. पाया टिकला. आज समुद्रातल्या काही पवनचक्क्या अशाच बादल्यांवर उभ्या आहेत.

ऑर्मेन लांगे

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, समुद्रात ८०० ते १,१०० मीटर खोलीवर, १९९७ मध्ये वायूचा प्रचंड साठा सापडला. नाव पडलं ऑर्मेन लांगे. पण साठा होता तो नेमका स्टोरेग्गाच्या खाचेत.

सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी तिथला समुद्रतळ घसरला. घसरलेली माती साधारण ३,००० घनकिलोमीटर, आणि ती शेकडो किलोमीटर वाहत गेली. त्सुनामीच्या लाटांनी नॉर्वे, स्कॉटलंड आणि शेटलँड बेटांचे किनारे धुतले. तिथल्या तळ्यांच्या आणि दलदलीच्या गाळात समुद्री वाळूचा तो थर अजून सापडतो. आता प्रश्न असा होता: या खाचेच्या उभ्या कड्याखाली विहिरी खणल्या, वायू उपसला, दाब बदलला, तर कडा पुन्हा सुटेल का? सुटला तर नुकसान केवळ समुद्रातल्या यंत्रसामग्रीचं नव्हे, किनाऱ्यावरच्या गावांचं. अशा प्रश्नावर "बहुधा नाही" हे उत्तर चालत नाही.

तेव्हा विकासाची जबाबदारी नॉर्स्क हिड्रो कंपनीकडे होती. तिच्याभोवती विद्यापीठं, भूवैज्ञानिक संस्था आणि एनजीआय यांनी कित्येक वर्षं काम केलं. समुद्रतळाचे नकाशे झाले, खोल विहिरींतून नमुने निघाले, मातीच्या छिद्रांतला पाण्याचा दाब मोजला गेला. हळूहळू चित्र उभं राहिलं. हिमयुगात हिमनद्या किनाऱ्याच्या कडेपर्यंत येऊन भराभर गाळ ओतत होत्या. खालच्या मऊ समुद्री चिकणमातीतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. त्यामुळे आतला दाब वाढला आणि माती आपल्याच वजनाखाली अर्धी तरंगू लागली. बर्फ गेल्यावर जमीन उचलली जाताना मोठे भूकंप झाले आणि त्यातल्या एखाद्यानं उताराचा पायथा सुटला असावा. मग कडा मागे मागे ढासळत गेला, रिसाच्या तळ्याकाठी झालं तसाच, फक्त लाखोपटींनी मोठा.

या सगळ्याचा निष्कर्ष असा: घसरायचं ते घसरून गेलं आहे. उरलेला उतार स्थिर आहे. पुन्हा एवढी घसरण व्हायची तर आधी नवं हिमयुग येऊन नवा गाळ साचावा लागेल. २००७ मध्ये तिथून वायू निघू लागला आणि सुमारे १,२०० किलोमीटर लांबीच्या नळानं तो इंग्लंडला पोचू लागला.

हे श्रेय एका व्यक्तीचं नाही. शेकडो माणसांनी ते काम केलं. प्रमुखाचा वाटा इतकाच की आपल्या संस्थेतल्या माणसांना "अजून माहीत नाही" म्हणायला आणि ते माहीत करून घ्यायला वेळ मिळतो की नाही हे पाहणं. माझ्या अनुभवात हाच वाटा सगळ्यात दुर्मीळ. इथे मालक बोअर मारण्याआधीच अहवालाची तारीख ठरवून आलेला असतो.

१.८ की १.४

आता मूळ प्रश्नाकडे.

जमिनीची ताकद भागिले तिच्यावर येणारा भार, हा सुरक्षा गुणांक. १ च्या खाली गेलात तर पाया बसला. वर जितके जाल तितकं बरं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. ही समजूत किती लंगडी आहे, हे लाकास आणि त्यांचे सहकारी फारोख नदीम यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं. नदीम इराणमधून आलेले. पुन्हा एकदा बाहेरचाच माणूस.

समजा दोन पायल आहेत. पहिल्याचा सुरक्षा गुणांक १.८, दुसऱ्याचा १.४. कुठला जास्त सुरक्षित? दहापैकी नऊ अभियंते पहिला म्हणतील. आता जास्त माहिती घ्या. पहिल्या ठिकाणी एकच बोअर, जुनी नळी, दुखावलेले नमुने. तिथली मातीची ताकद आपण सांगतो त्याच्या निम्मीही असू शकते. दुसऱ्या ठिकाणी पाच बोअर, चांगले ठोकळे, तीन पद्धतींनी मोजणी, आणि सगळे आकडे जवळ जवळ. तिथे ताकद आपण सांगतो त्यापेक्षा फार तर दहा टक्क्यांनी कमी निघेल. ताकद भाराच्या खाली जाण्याची शक्यता पहिल्या ठिकाणी जास्त आहे. १.८ वाला पायल १.४ वाल्यापेक्षा धोकादायक निघू शकतो.

समुद्रात पायलवर उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मच्या फेरतपासणीतून त्यांनी हेच मांडलं. काही वर्षांनंतर अधिक माहिती हाती आल्यावर हिशोब पुन्हा केला तर सुरक्षा गुणांक आधीपेक्षा कमी आला, पण पाया निकामी होण्याची शक्यताही कमी झाली. कारण आता अज्ञान कमी होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझ्या सगळ्या जुन्या अहवालांतले आकडे डोळ्यांपुढून जाऊ लागले. एकाही अहवालात मी हा आकडा किती खात्रीचा आहे हे लिहिलं नव्हतं.

आणि म्हणूनच नमुन्याचा तो ठोकळा मला इतका महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षं मातीचे विखुरलेले आकडे हाताळलेल्या माणसालाच हे गणित सुचतं आणि पटवून देता येतं. संभाव्यतेची सूत्रं गणिताच्या प्राध्यापकांना आधीच माहीत होती. पण मातीच्या माणसांनी ती मातीच्याच माणसाकडून ऐकली.

पुढची पायरी घटनावृक्षाची, म्हणजे "हे झालं तर पुढे काय" याच्या फांद्या मांडत जाण्याची. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टोरफ्योर्डच्या वर ऑक्नेस नावाचा डोंगरउतार आहे. तो दरवर्षी काही सेंटिमीटर सरकतो, आणि सुटला तर कोट्यवधी घनमीटर खडक अरुंद खाडीत कोसळेल. त्याच परिसरातल्या टाफ्योर्डमध्ये १९३४ साली असाच कडा पडून उठलेल्या लाटेत ४० माणसं गेली होती. ऑक्नेससाठी लाकास आणि सहकाऱ्यांनी भूवैज्ञानिक, खडकतज्ज्ञ आणि लाटांचे अभ्यासक एकत्र बसवून एकेक टप्पा मांडला. पाऊस झाला तर पाण्याचा दाब वाढेल का? वाढला तर किती भाग सुटेल? सुटला तर लाट किती उंच? लाट आली तर इशारा वेळेवर पोचेल का? प्रत्येक फाट्यावर आकडा लिहायचा आणि तो का लिहिला हेही लिहायचं. हा निबंध २००८ मध्ये कॅनडाच्या भूसंकट परिषदेत सादर झाला. परिषद क्वेबेकमध्येच होती.

याच काळात, २००३ ते २०१२ दरम्यान, नॉर्वेच्या संशोधन मंडळाच्या पैशातून एनजीआयमध्ये आंतरराष्ट्रीय भूसंकट केंद्र चाललं. त्याचे प्रमुख नदीम होते. २०१३ मध्ये पॅरिसच्या जागतिक परिषदेत लाकास यांनी टेर्झागी भाषण दिलं ते दरडींपासून समाजाला वाचवण्यातल्या भू-तंत्र अभियंत्याच्या जबाबदारीवर. २०१५ मध्ये लंडनमध्ये त्यांनी रँकिन व्याख्यान, ब्रिटनमधलं या क्षेत्रातलं मानाचं व्याख्यान, दिलं, धोका, जोखीम आणि विश्वासार्हता या विषयावर. रँकिन व्याख्यान १९६१ पासून दरवर्षी होतं. ते ५५ वं होतं. आधीचे ५४ वक्ते पुरुष होते.

जिथे हे गणित पुरं पडत नाही

या प्रकरणाची दुसरी बाजू लिहिली नाही तर अभ्यास अपुरा राहील. ३० डिसेंबर २०२० च्या पहाटे नॉर्वेतल्या येर्ड्रम इथे क्विक क्ले घसरली आणि १० माणसं गेली. रिसानंतर त्या देशानं क्विक क्लेचे नकाशे केले, नियम केले, माणसं तयार केली. तरीही हे झालं. चौकशी समितीनं मुख्य कारण सांगितलं ते जवळच्या ओढ्यानं केलेली धूप. वर्षानुवर्षं पाणी काठ खात राहिलं आणि उताराचा पायथा गेला. अशा बारीक, हळू चालणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं कुणी, हे कुठल्याच घटनावृक्षात आपोआप ठरत नाही.

आपल्याकडची जमीन वेगळी आहे. सह्याद्रीत क्विक क्ले नाही. बेसॉल्टवर कुजून तयार झालेली माती आणि दगडगोटे मुसळधार पावसात सुटतात. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव असणं आणि नसणं याच्या मधल्या जागेला आपल्याकडे आकडा नाही. एखादी वाडी "बहुधा सुरक्षित" आहे म्हणताना ते बहुधा किती आहे, हे आपण लिहीत नाही. मला या प्रकरणातून काही उचलायचं असेल तर ते हेच.

लाकास २०११ मध्ये संचालकपदावरून उतरल्या, पण एनजीआय सोडली नाही. त्यानंतर त्या तिथेच तांत्रिक काम करत राहिल्या. वीस वर्षं प्रमुख राहून मग त्याच संस्थेत पुन्हा टेबलावर बसून हिशोब करणं हे आपल्याकडच्या मोठ्या साहेबांना जमेल का, कोण जाणे.

या पावसाळ्याआधी मी कोथरूडच्या एका टेकडीच्या उतारावरचा अहवाल दिला. एसबीसीच्या आकड्याखाली पहिल्यांदाच तीन ओळी जास्त लिहिल्या. आकडा किती बोअरवर आधारलेला आहे. त्यातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त किती आला. उताराच्या खालच्या बाजूला बोअर मारायला मिळाला नाही, त्यामुळे तिथली खात्री कमी आहे. मालकाचा फोन आला. "मॅडम, हे कशाला? आर्किटेक्ट म्हणतोय, सरळ एक आकडा द्या." मी त्याला साइटवर बोलावलं. चार नंबरच्या बोअरची कोअर बॉक्स उघडली आणि साडेतीन मीटरवरचा तो पिवळट, बोटानं दाबला तर दबणारा वीतभर थर त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, खाली अजून एक बोअर मारायला किती खर्च येईल.